चौकातील मिठाईच्या दुकानावरील बहिष्काराबाबत नागरिक समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य,
पेठेची नागरिक समिती.

विषय : चौकातील मिठाई व दुग्धालयावर पुकारलेला बहिष्कार आणि त्यासंबंधीचा समितीचा ठराव.

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात झालेल्या सभेत समितीने जो ठराव मंजूर केला आणि ज्याचे पत्रक दुसऱ्या दिवशी घरोघरी वाटले गेले, त्याबद्दल हे पत्र आहे. दुकानाच्या मालकांनी पॅकिंगचे काम करणाऱ्या एका बाईंशी लज्जास्पद वर्तन केल्याची तक्रार पोलिसांत दाखल आहे, तक्रारीनंतर त्या बाईंना कामावरून काढले गेले, त्यांचे दोन महिन्यांचे पैसे अडकवून ठेवले गेले, आणि म्हणून त्या दुकानातून कोणीही काहीही विकत घेऊ नये, असे ठरावाचे पहिले कलम सांगते. त्या कलमाला माझा पाठिंबा आहे आणि आमच्या घरी ते ठरावाच्या आधीपासूनच अमलात आहे. दुसऱ्या कलमात तो बहिष्कार ‘कायमचा’ असल्याचे म्हटले आहे, ते मला चुकीचे वाटते. तिसऱ्या आणि चौथ्या कलमाला माझा स्पष्ट विरोध आहे. सभेत हात वर करून मत घेतले गेले तेव्हा कलमे वेगवेगळी वाचली गेली नाहीत, त्यामुळे हा विरोध तेथे नोंदवता आला नाही. तो आता लेखी नोंदवत आहे.

मी कोण, हेही सांगणे आवश्यक आहे. मी पेठेतील काही दुकानांचे हिशेब लिहिते आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरते. हे दुकान माझ्याकडे नाही आणि पूर्वीही नव्हते. मालकांशी माझे नाते नाही, देणेघेणे नाही. तक्रारदार बाईंना मी सभेनंतर प्रथमच भेटले. हे पत्र त्यांना वाचून दाखवले आहे आणि त्यांच्या सांगण्यावरून त्यातील एक परिच्छेद गाळला आहे.

सभेत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले होते, की आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नसताना आपण निकाल देणारे कोण? त्यांना गप्प बसवण्यात आले, ते बरे झाले नाही, कारण प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तरही आहे. पेढे कोणाकडून घ्यायचे हे ठरवायला गिऱ्हाइकाला निकालपत्राची गरज नसते. ज्याचे वागणे पटत नाही त्याच्या दुकानाची पायरी न चढणे हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि त्याचे कारण देण्यालाही तो बांधील नाही. परंतु जेव्हा एखादी समिती शेकडो घरांना पत्रक वाटून तसे करायला सांगते, तेव्हा तिच्या शब्दामागे आधार हवा, आणि तो आधार जे वादातीत आहे त्याचाच असावा. या प्रकरणात वादातीत गोष्टी पुरेशा आहेत. तक्रार केल्यानंतरच बाईंना कामावरून कमी केले, हे मालकांनी व्यापारी मंडळींसमोर स्वतः सांगितले आहे. पैसे दिले नाहीत, हेही त्यांनी नाकारलेले नाही. ‘हिशेब नंतर बघू’ एवढेच ते म्हणाले. दुकान आणि मागचा कारखाना मिळून तेथे दहापेक्षा कितीतरी जास्त माणसे कामाला आहेत, आणि तरीही कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे जी अंतर्गत समिती तेथे असायला हवी, ती कधीही नेमली गेलेली नाही. पोलिसांत दिलेल्या तक्रारीचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. या तीन गोष्टींसाठी मात्र कोणाच्याही निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

या कायद्याबद्दल सभेत कोणीही बोलले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती नेमणे मालकावर बंधनकारक आहे. न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा तोच अपराध केल्यास दुप्पट शिक्षेबरोबर व्यवसायाचा परवाना रद्द होण्याचीही तरतूद आहे. जेथे कामगार दहापेक्षा कमी आहेत किंवा जेथे तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथे बाईने दाद कोणाकडे मागायची, याचेही उत्तर कायद्यात आहे : जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते, आणि चौकशी चालू असताना बाईंच्या लेखी विनंतीवरून समिती रजा किंवा बदलीसारखा तात्पुरता दिलासा देण्याची शिफारस करू शकते. आपल्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अद्याप अर्ज गेलेलाच नाही. बाईंना अशी समिती असते हे माहीत नव्हते, आणि त्यांच्या बाजूने घोषणा देणाऱ्या आपल्यापैकी कोणीही त्यांना ते सांगितले नाही. मुदतीचे दिवस मात्र संपत चालले आहेत.

या समित्या कागदावरच असतात, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये कायदा होऊन दहा वर्षे झाली तरी त्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी असल्याचे स्पष्ट शब्दांत म्हटले, आणि त्याच प्रकरणात डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात या कायद्याखालील जिल्हा अधिकारी नेमण्याचे आदेश राज्यांना द्यावे लागले. म्हणजे यंत्रणा आपोआप हलत नाही, तिच्यामागे लागावे लागते. नागरिक समितीने मागे लागायचे नाही तर कोणी?

आता तिसऱ्या कलमाकडे येते. ‘मालकाच्या घरच्यांशी कोणीही उठबस ठेवू नये, त्यांना कार्यास बोलावू नये व त्यांच्या घरी जाऊ नये’, असे त्याचे शब्द आहेत. हे वाचताना ते कोणत्या प्रकारच्या सभेत लिहिले जातात याची आठवण समितीतील सुशिक्षित सदस्यांना झाली नाही, याचे मला आश्चर्य वाटते. अशा ठरावांनी कित्येक कुटुंबांची आयुष्ये उद्ध्वस्त झाल्यानंतर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला, आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. तो कायदा मुख्यतः जातपंचायतींसाठी आहे आणि आपण जातपंचायत नाही, असा युक्तिवाद वकील मंडळी करू शकतील, कदाचित तो टिकेलही. मला त्या तांत्रिक मुद्द्यावर वाद घालायचा नाही. पेठेने वाळीत टाकण्याचा ठराव लिहावा आणि मग तो आपल्याला लागू होणाऱ्या कायद्यात नेमका बसतो की नाही हे शोधत बसावे, ही वेळच आपल्यावर का यावी, एवढेच मला विचारायचे आहे.

शिवाय त्याचा फटका कोणाला बसतो, तेही पाहावे. ठराव होण्यापूर्वीच नवरात्रात मालकांच्या सुनेला हळदीकुंकवाचे एकही बोलावणे गेले नाही. तिने कोणाचे काय केले होते? मालक स्वतः त्याच आठवड्यात दोन वास्तुशांतींच्या पंगतींना बसले होते आणि त्यांच्या पानावर वाढणाऱ्यांत या समितीचे सदस्य होते. पुरुषाच्या कृत्याची शिक्षा घरातल्या बायकांच्या ओटीतून वसूल करण्याची ही आपली जुनी रीत आहे.

बहिष्कार हे आपल्याकडे दुबळ्यांनी बलाढ्यांविरुद्ध वापरायचे हत्यार आहे, असे सभेत सांगितले गेले. तसे ते वापरले गेले आहे, पण उलट दिशेने जास्त वेळा वापरले गेले आहे. दलितांनी पाणवठ्यावर किंवा रस्त्यावर आपला हक्क सांगितला, की दुकानदाराने मीठमिरची न देणे, शेतावर काम न देणे, वाट बंद करणे, हे गावाचे ठरलेले उत्तर असे. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गोलमेज परिषदेपुढे अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात बहिष्कार हा दंडनीय अपराध ठरवावा अशी मागणी केली होती, आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. आज तक्रारदार बाईंच्या बाजूने आपण ज्या कायद्याचा आधार घेणार, त्याची मुळेही अशाच एका बहिष्काराजवळ जातात. राजस्थानातील भटेरी गावात भंवरी देवी या साथिणीने (सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातील गावपातळीवरच्या कार्यकर्तीने) १९९२ मध्ये एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, तेव्हा गावाने त्यांना दूध विकणे बंद केले आणि त्यांच्या घरची मडकी विकत घेणे बंद केले. त्यानंतर त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि त्यांचेच पुढे २०१३ च्या कायद्यात रूपांतर झाले.

भटेरी दूर आहे असे वाटत असेल तर पेठेतच पाहावे. तक्रारदार बाईंनी काढून टाकल्यानंतर चार ठिकाणी काम मागितले आणि चारही ठिकाणी त्यांना ‘सध्या गरज नाही’ असे सांगण्यात आले, दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा या पेठेत हाताला हात मिळत नाही. नकार देणाऱ्यांची नावे मी लिहीत नाही. ती त्यांची त्यांना ठाऊक आहेत आणि त्यांतील काहींच्या सह्या बहिष्काराच्या पत्रकावर आहेत. मालकाशी व्यवहार तोडण्याची शपथ घेणाऱ्यांनी त्या बाईशीही व्यवहार तोडलेला असावा, हे फार विचित्र आहे.

चौथे कलम सर्वांत घातक आहे. मालक ज्या समाजाचे आहेत त्या समाजाच्या ‘इतर दुकानांतूनही शक्यतो खरेदी टाळावी’, असे त्यात आहे. ‘शक्यतो’ या शब्दाने ते सौम्य होत नाही. या बाबतीत आपल्याच मुलखाचा एक जुना धडा आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावात एका सावकाराने गावच्या देशमुखांविरुद्ध कर्जापोटी हुकूमनामा मिळवला आणि त्यांच्या घराचा ताबा घेतला, तेव्हा गावाने त्या सावकाराशी व्यवहार तोडले; त्याची चाकरी करायला, हजामत करायला, पाणी भरायला कोणी तयार होईना. आजूबाजूच्या गावांनी तोच कित्ता गिरवला. पुढच्या वर्षी १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा झाला आणि तेथून पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तो पसरला. या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालात दोन निरीक्षणे आहेत, आणि मला ती दोन्ही समितीपुढे ठेवायची आहेत. पहिले असे, की लोकांचा रोख कर्जरोख्यांवर होता. जेथे सावकाराने कागद हवाली केले तेथे बहुधा त्याला हात लागला नाही. जेथे त्याने ते दडवले तेथे मारहाण झाली. दुसरे असे, की हल्ले जवळजवळ सर्वत्र मारवाडी आणि गुजर सावकारांवरच झाले, आणि ज्या गावांत ब्राह्मण सावकारही तोच धंदा करत होते, तेथेही त्यांच्या वाटेला सहसा कोणी गेले नाही.

पहिले निरीक्षण शेतकऱ्यांच्या बाजूने बोलते. त्यांना काय हवे हे त्यांना पक्के माहीत होते : कागद. त्या क्षोभाचा परिणाम म्हणून सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला, तो उगीच नव्हे. दुसरे निरीक्षण मात्र आपल्याला लाज वाटायला लावणारे आहे, कारण अन्याय सावकारीचा होता आणि राग परक्या वाटणाऱ्या समाजावर निघाला, तर घरच्या सावकाराला मोकळीक मिळाली. समितीच्या चौथ्या कलमात मला नेमके हेच दिसते. पॅकिंगच्या, शिवणकामाच्या आणि कापड दुकानांच्या बायका या पेठेत कोणाकोणाकडे काय सहन करतात याची यादी करायची ठरवली, तर ती एका समाजात मावणार नाही, आणि ती यादी समितीच्या व्यासपीठापर्यंत येऊन पोहोचेल. चौथे कलम ठेवले तर तो विषय बाजूला पडेल आणि ‘बाहेरचे लोक’ हा विषय उरेल. काहींना तेच हवे असावे, अशी मला शंका आहे.

याच ओघात व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या संदेशाबद्दल, ज्यात या दुकानाच्या खव्यात भेसळ असल्याचे म्हटले आहे. तसा काही पुरावा असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी, ते नमुना घेतील. पुरावा नसेल तर संदेश मागे घ्यावा. एका खऱ्या तक्रारीला चार खोट्या तक्रारींचा टेकू देण्याने खरी तक्रार कमकुवत होते, आणि समोरच्या वकिलाला नेमके तेच हवे असते.

आता पैशांबद्दल लिहिते, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे आणि सभेत त्याबद्दल सर्वांत कमी विचार झाला. मिठाईच्या दुकानाचा हिशेब ज्याने एकदा पाहिला आहे त्याला ठाऊक असते, की काउंटरवर पाव किलो पेढे घेणारे गिऱ्हाईक दुकानाचे नाव राखते, पण दिवाळीचा मोठा पैसा बॉक्सच्या ऑर्डरींतून येतो. पतसंस्था सभासदांना दिवाळी भेट देतात, शाळा आणि दवाखाने कर्मचाऱ्यांना देतात, कारखाने ठेकेदारांना आणि ठेकेदार साहेबांना देतात. या ऑर्डरी दसऱ्याच्या सुमारास नक्की होतात, त्यांची आगाऊ रक्कम जमा होते, आणि तिच्या भरवशावर मालक साखर, काजू, तूप आणि छापील बॉक्स भरून ठेवतो. आपल्या आयाबहिणींनी शेव आणि चकली दुसऱ्या दुकानातून आणली म्हणून या हिशेबात फारसा फरक पडत नाही. पेठेतील दोन पतसंस्थांनी आपली ऑर्डर मागे घेतली तर पडतो. त्या दोन्ही पतसंस्थांचे संचालक नागरिक समितीवर आहेत. माझ्या माहितीप्रमाणे ऑर्डर अद्याप कायम आहे, आणि घरोघरी वाटलेल्या पत्रकात त्याबद्दल एक अक्षर नाही.

गणेशोत्सव मंडळांचेही तसेच आहे. मंडपापुढच्या कमानीवर याच दुकानाची जाहिरात होती, अहवालाच्या मागच्या पानावरही होती, आणि तक्रार त्याआधीच दाखल झालेली होती. जाहिरातीचे पैसे घेतले म्हणून मंडळाला बोलण्याचा अधिकार राहत नाही, असे मी म्हणत नाही. मंडळाने ते पैसे परत करावेत आणि मग बोलावे, असे म्हणते.

कारखान्यात काम करणाऱ्यांचा विचार याहून अवघड आहे. पॅकिंगच्या बायका लांब टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून सोनेरी कागदाच्या वाट्यांत काजूकतली मांडतात, झाकण बसवतात, वजन करतात आणि दोरा बांधतात. हजेरी दिवसाची, काम दिवाळीच्या आधी रात्रीपर्यंत. त्यांतील बहुतेकींनी शाळेच्या फीसाठी, दवाखान्यासाठी किंवा घरावरच्या पत्र्यांसाठी मालकाकडून उचल घेतलेली आहे आणि ती हजेरीतून वळती होते. दुकानाचा धंदा बसला तर सर्वांत आधी यांची हजेरी बंद होईल, आणि उचल मात्र वहीत तशीच राहील. मालकाची दिवाळी एका हंगामाने बुडत नाही. त्यातही ज्या दोघीतिघी साक्ष देऊ शकतात त्या याच टेबलावर उभ्या आहेत, आणि आपण त्यांची रोजी बंद पाडली तर त्यांनी आपल्या बाजूने का बोलावे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. दर दहा दिवसांनी त्यांचे बिल होते आणि तालुक्यात इतर संकलन केंद्रे आहेत. समितीने त्या केंद्रचालकांशी आधी बोलून ठेवले तर दूध वाया जाणार नाही.

म्हणून बहिष्कार नकोच, असा अर्थ कोणी काढू नये. पॅकिंगच्या बायकांच्या पोटाची आठवण ज्यांना आजवर कधी झाली नाही अशी काही मंडळी आता मालकाच्या वतीने तीच आठवण करून देत फिरत आहेत, हे मी पाहते आहे. बायकांच्या नुकसानीची तरतूद करूनच बहिष्कार करावा लागेल आणि तो थोड्या दिवसांत संपेल असा करावा लागेल, असे माझे म्हणणे आहे.

येथे ‘कायमचा’ हा शब्द आड येतो. मालकांनी काहीही केले तरी बहिष्कार उठणारच नसेल, तर त्यांनी काही करावेच कशाला? बाईंचे पैसे दिले काय आणि न दिले काय, त्यांना फरक पडत नाही. उलट जे गिऱ्हाईक उरले आहे ते सांभाळत वाट पाहणे त्यांना जास्त परवडते, आणि होळीपर्यंत पेठ हे सारे विसरून जाईल हा त्यांचा अंदाज चुकीचा ठरेल असे मला वाटत नाही. सभेत लोकमान्यांच्या चतुःसूत्रीचा उल्लेख झाला, त्यातील बहिष्कारालाही मागणी होती. विलायती मालावरचा तो बहिष्कार १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीविरुद्ध उभा राहिला, आणि १९११ मध्ये फाळणी रद्द झाली तेव्हा मागणी मान्य झाली, हे कोणालाही ओळखता आले. आपल्या पत्रकात मागणीच नाही.

ती असावी, आणि ती बाईंना विचारून ठरलेली असावी. त्यांना काय हवे हे सभेत कोणी विचारले नाही, कारण त्या सभेला नव्हत्या. मी विचारले. त्यांना अडकलेले पैसे हवेत, तक्रार मागे घ्या म्हणून घरी येणारी माणसे थांबायला हवीत, आणि ज्या दोन मैत्रिणी तेथे अजून काम करतात त्यांना कोणी काढू नये असे वाटते. त्या दुकानात परत काम करण्याची त्यांची इच्छा नाही. मालकांनी चौकशी होईपर्यंत पॅकिंगच्या खोलीत पाऊल ठेवू नये आणि तेथील कारभार दुसऱ्या कोणाकडे द्यावा, हे त्यांच्या मैत्रिणींचे म्हणणे. यात मी एकाच गोष्टीची भर घालते : अंतर्गत समिती कायद्याप्रमाणे नेमावी, तिच्यावरील महिला अध्यक्षांचे आणि बाहेरच्या सदस्याचे नाव कारखान्यात भिंतीवर लावावे. एवढे झाले, की खरेदीवरचा बहिष्कार समितीने पत्रक काढूनच मागे घ्यावा, आणि ते पत्रकही घरोघरी वाटावे. फौजदारी खटल्याच्या निकालाशी तो बांधू नये. खटला त्याच्या गतीने चालेल आणि त्याला वर्षे लागतील.

दोन गोष्टी समितीने ताबडतोब थांबवाव्यात. पत्रकात बाईंचे नाव नाही, पण त्या कोणत्या गल्लीत राहतात आणि त्यांचे यजमान कोणता व्यवसाय करतात हे छापले आहे, म्हणजे नाव छापल्यासारखेच आहे. २०१३ च्या कायद्यात तक्रारदार स्त्रीची ओळख आणि पत्ता प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, आणि तक्रार अद्याप स्थानिक समितीपुढे गेलेली नाही ही पळवाट आपण तरी शोधू नये. उरलेली पत्रके जाळून टाकावीत आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकलेली त्यांची चित्रे काढावीत. तसेच दुकानासमोर उभे राहून आत जाणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोटो काढणाऱ्या मुलांना घरी पाठवावे. ज्याला तेथून बासुंदी घ्यायची आहे त्याला ती घेऊ द्यावी. (बासुंदी चांगली असते, हे मलाही नाकारता येत नाही.)

राहता राहिली मिटवामिटवी. समितीतील दोन वजनदार सदस्य मालक आणि बाईंचे यजमान यांच्यात बोलणी घडवून आणत आहेत आणि काही रकमेवर बोलणे आले आहे, असे ऐकते. कायद्यात समेटाची वाट आहे, परंतु ती फक्त बाईंनी स्वतः मागितली तरच उघडते, चौकशी सुरू होण्यापूर्वीच आणि कायद्याने नेमलेल्या अंतर्गत किंवा स्थानिक समितीमार्फतच, आणि पैशाची देवघेव हा समेटाचा पाया असू शकत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यांच्या हक्काचे अडकलेले पैसे ही वेगळी बाब आहे. ते द्यायला कोणाच्या समेटाची गरज नाही, आणि ते मिळाले नाहीत तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो. तो अर्ज आणि स्थानिक समितीकडचा अर्ज, दोन्ही लिहून द्यायला मी तयार आहे. जिल्ह्याच्या गावी बाईंबरोबर जायला समितीने एखादी महिला सदस्य द्यावी.

समितीकडे माझी विनंती अशी आहे, की ठरावाचे तिसरे आणि चौथे कलम रद्द करण्यासाठी, ‘कायमचा’ हा शब्द काढण्यासाठी आणि मागण्या नक्की करण्यासाठी दिवाळीपूर्वी पुन्हा सभा बोलवावी. कलमे एकेक करून वाचावीत आणि मते मोजावीत. पतसंस्थांच्या ऑर्डरीचे काय झाले ते संचालकांनी आणि जाहिरातीच्या पैशांचे काय झाले ते मंडळाच्या खजिनदारांनी त्या सभेत सांगावे. सभा रात्री साडेआठला ठेवू नये. पॅकिंगच्या बायका त्या वेळी कारखान्यात असतात आणि त्यांची साप्ताहिक सुटी मंगळवारी असते. मंगळवारी दुपारची वेळ ठेवली तर त्या येऊ शकतील, असे त्यांनी मला सांगितले आहे.

आपली,
पेठेतील एक हिशेबनीस